मोडीत घालण्याआधी नाव वाचा

वर्ष संपत आलं. संस्था या दिवसांत अहवाल काढतात, देणगीदारांचे आभार मानतात. आपली काही संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. पण जानेवारीत मी इथेच एक विनंती केली होती आणि तुम्ही ती मनावर घेतलीत, म्हणून हिशेब द्यायलाच हवा.

विनंती साधी होती. घरातलं तांब्या-पितळेचं जुनं भांडं मोडीत घालण्याआधी त्यावरचं नाव वाचा, फोटो काढा आणि ते नाव कुणाचं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून ठेवा.

हे सुचलं कणेरीला. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरजवळचं सिद्धगिरी मठाचं ग्रामजीवन संग्रहालय बघायला गेलो होतो. बलुतेदार, शेतकरी, घरकाम करणाऱ्या बाया, अख्खं जुनं गाव सिमेंटच्या पुतळ्यांत उभं केलंय. मुलीने विचारलं, "बाबा, यांची नावं काय?" म्हटलं, हा कुंभार, तो लोहार. "ती कामं झाली. नावं?"

मी गप्प बसलो. कारण मला आमच्या आजीचं घंगाळ आठवलं.

पत्रकारितेच्या डिप्लोमाची फी भरायची होती तेव्हा आईने ते तांब्याचं घंगाळ काढून दिलं. मीच सायकलच्या कॅरियरला बांधून नेलं आणि वजनावर विकलं. काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी आजीचं नाव घातलेलं होतं. नंतर लक्षात आलं की सातबारा आजोबांचा, रेशनकार्ड आजोबांचं, घराची पाटीसुद्धा त्यांचीच. आजीचं नाव लिहिलेली घरातली एकच वस्तू होती, ती मी विकली. त्या पैशांतून लोकांच्या बातम्या लिहायला शिकलो.

म्हणून जानेवारीत ती पोस्ट टाकली. वाटलं, चार लाईक येतील. पण फोटो येत राहिले. सातपूर, सिडको, सिन्नर, निफाड, एक तर येवल्याहून. कुणाची परात, कुणाचा हंडा, कुणाची कळशी. बहुतेक नावं बायकांची. काही माहेरची, लग्नात मामाने दिलेल्या भांड्यावरची. सासरी ते नाव बदललं, भांड्यावर तसंच राहिलं. एका ताईंना आपल्या पणजीचं नाव पहिल्यांदा कळलं, तेही डब्याच्या झाकणावरून.

जुन्या नाशकातल्या तांबट आळीत मुलीला घेऊन गेलो. ठोक्यांचा आवाज अजून येतो, पूर्वीइतका नाही. एका कारागीर काकांना विचारलं, मोडीत आलेल्या भांड्यावरची नावं तुम्ही वाचता का? म्हणाले, "वाचल्याशिवाय हातोडा घालवत नाही. पण वाचून काय करणार दादा, विकणाऱ्यालाच ठाऊक नसतं." मी मान खाली घातली. काकांनी मुलीला हातोडी देऊन दोन ठोके मारायला लावले. ती ते अजून सगळ्यांना सांगते.

पुण्याच्या दिनकर केळकरांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. 1920 च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, भांडी, घरात वापरून झालेल्या गोष्टी. लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि 20,000 च्या वर वस्तूंचा तो संग्रह 1975 मध्ये राज्य सरकारच्या हवाली केला. आपल्यातला कुणी केळकर नाही. पण आपापल्या माळ्यावर चढता येतं.

घाई यासाठी की जुन्या नाशकात दर पावसाळ्यात एखादा वाडा पडतो. माणसं फ्लॅटमध्ये जातात, तिथे घंगाळाला जागा नसते. 2027 चा सिंहस्थ आलाच आहे, रस्ते-घाट नवे होतील, व्हायलाच हवेत. पण वाडा पडला की पंचनाम्यात भिंती मोजतात, भांड्यावरची नावं कोणी लिहीत नाही.

तेव्हा आभार. फोटो पाठवणाऱ्यांचे, रात्री दहाला फोन करून "आजी आत्ता आठवतायत, लिहून घ्या" म्हणणाऱ्या सुनांचे, आणि अक्षर लागेना तेव्हा चिंच लावून भांडं घासणाऱ्या सगळ्यांचे. भांडं विकू नका असं मी सांगणार नाही. अडीनडीलाच ते कामी येतं, मलाही आलं. फक्त विकण्याआधी नाव उतरवून घ्या. सावाना, म्हणजे आपलं 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय, तिथलं वस्तुसंग्रहालयही एकदा मुलांना दाखवून आणा.

पुढच्या वर्षीही फोटो पाठवा. आमच्या आजीचं नाव होतं सरस्वती. घंगाळ नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.