गिरणीच्या गेटबाहेरचा कामगार

कामगारवस्त्यांतल्या मतदानाचा अभ्यास करतो म्हटलं की डावे मित्र एकच कारण सांगतात: जाती-धर्माच्या नादाला लागून कामगार आपल्यापासून तुटला. मला ते पटत नाही. मतदाराला भोळा ठरवलं की पक्षाला आरशात बघावं लागत नाही, एवढीच त्यातली सोय.

मुंबईच्या गिरणगावाचंच बघा. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातून गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा उभा राहिला. पण १९५७ मध्ये कम्युनिस्ट नेते कॉम्रेड डांगे मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले ते निव्वळ पगार-भत्त्याच्या लढ्यावर नव्हे. संयुक्त महाराष्ट्राची मागणी होती, शाहीर अमरशेख-अण्णाभाऊंचा आवाज होता. भाकरी आणि भाषा एकाच व्यासपीठावर होत्या. १ मे १९६० ला राज्य मिळालं आणि डाव्यांनी भाषेचं खातं बंद केलं. १९६६ मध्ये शिवसेनेनं ते उघडलं.

५ जून १९७० ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई हरल्या आणि वामनराव महाडिक सेनेचे पहिले आमदार झाले. सेनेच्या या विजयात दहशतीचा वाटा होताच, तो नाकारू नये. पण सेनेची शाखाही होती. नळाचं भांडण, रुग्णवाहिका, पोराच्या नोकरीचा अर्ज, सगळं तिथं. युनियन भेटायची गेटवर, शाखा चाळीच्या तोंडाशी. जानेवारी १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढं गिरण्या मोडल्या आणि गेटच उरलं नाही. तरीही १९८४ मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या काँग्रेस लाटेत, याच पट्ट्यानं संपाचे नेते दत्ता सामंत यांना लोकसभेत पाठवलं. कामगार म्हणून मत द्यायची इच्छा मेली नव्हती. ते मागायला लाल बावटा पुढं नव्हता, इतकंच.

कामं केली की मतं येतात, हाही भ्रम आहे. सोलापुरात माकपच्या नरसय्या आडम मास्तरांनी विडी कामगार बायकांच्या घरांसाठी वर्षानुवर्षं लढा दिला. कुंभारीला आधी दहा हजार घरं झाली, मग रे नगर ही वसाहत. तिथल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी केलं. मास्तर मात्र २००९ पासून विधानसभा हरतच आले. घर सरकारी योजनेतलं, त्यामुळं श्रेय घ्यायला सगळेच पुढं. शिवाय कुंभारी त्यांच्या मतदारसंघाबाहेर. तिकडं नाव नोंदवलं की मतही तिकडंच.

डहाणूत मात्र माकपचेच विनोद निकोले २०१९ आणि २०२४ असे दोनदा निवडून आले. तिथं आदिवासींना संघटित करणाऱ्या गोदावरी परुळेकरांपासूनची वीण आहे. वनहक्काचा दावा असो की रेशन, पाड्यावरचा माणूस आधी लाल बावट्याच्या कार्यकर्त्याला गाठतो. पक्षाची ओळख तिथं निवडणुकीपुरती नाही.

आजचा कामगार लालबागला नाही, नालासोपाऱ्यात, दिव्यात, भिवंडीत राहतो. कामाची जागा आणि ठेकेदार दोन्ही बदलत असतात. गेटवर सभा घ्यायची तर कुठल्या? राहतं घर तेवढं त्यातल्या त्यात स्थिर. म्हणून पक्षानं वस्तीत खोली घ्यावी आणि ती रात्री उघडी ठेवावी, कारण माणूस लोकलमधून उतरतोच नऊला. पीएफचा अडकलेला पैसा, ठेकेदारानं बुडवलेला बोनस, शाळेचा प्रवेश, यासाठी तिथं कुणीतरी बसलेलं असावं. मराठीबद्दल बोलावं, आणि शेजारच्या खोलीतल्या भोजपुरी हमालालाही सोबत घ्यावं. हे अवघड आहे, पण १९५७ चा लाल बावटाही फक्त मराठी कामगारांचा नव्हता.

निवडणुकीआधी चार वर्षं अशी खोली चालवायची तयारी नसेल, तर त्या मतदारसंघात उमेदवार देऊ नये.