काय म्हणतंय, बाळ?

परवा ‘इक्बाल’ पुन्हा पाहिला. २००५ सालचा नागेश कुकुनूर यांचा हा चित्रपट. कुकुनूर हैदराबादचे, म्हणून असेल कदाचित, पण चित्रपट संपला तेव्हा माझं मन बेगम बाजारात जाऊन पोचलं होतं.

लहानपणी मे महिन्यात आम्ही म्हापशाहून हैदराबादला मावशीकडे जायचो. ती खरेदीला बेगम बाजारात न्यायची. तिथला मासळीबाजार मोठा, पण गोड्या पाण्यातली मासळी गोंयकार पोराला काय रुचणार! मला ओढ असायची ती भांड्यांच्या गल्लीची. तिथल्या एका दुकानात नांदेडकडचे एक वृद्ध गृहस्थ कामाला होते. मी त्यांना आजोबा म्हणायचो.

मोडीत आलेलं भांडं ते बोटांच्या टोकांवर तोलायचे, टिचकी मारायचे आणि विचारायचे, “काय म्हणतंय, बाळ?” काशाचा नाद लांबत जातो, पितळ लवकर गप्प होतं, तडा गेलेलं भांडं बद्द वाजतं, हे मला त्यांनीच शिकवलं. उत्तर दिलं की मूठभर शेंगदाणे मिळायचे.

तेरा वर्षांचा झालो त्या मे महिन्यात मी त्यांना म्हटलं, “आजोबा, आता परीक्षा पुरे. मी काय लहान आहे?” ते हसले. शेंगदाणे दिले. पुन्हा मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

पुढे कित्येक वर्षांनी मावशी सहज बोलून गेली, त्यांचे कान गेले होते रे. समोर बसून बोललेलं कळायचं, पण नादातला बारीक फरक कळत नसे. मालकाला समजलं तर काम जाईल, ही भीती. म्हणजे ती परीक्षा नव्हतीच! मे महिन्यापुरते त्यांचे कान मी होतो.

‘इक्बाल’मध्ये श्रेयस तळपदेचा मुलगा मुका-बहिरा आणि त्याला क्रिकेट शिकवणारा मोहित दारूत बुडालेला. मोहितच्या भूमिकेसाठी नसीरुद्दीन शाह यांना सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गुरूने शिष्याला घडवलं, असं आपण म्हणतो. पण कुणाला तरी आपली गरज आहे, एवढ्यावरच तो मोडीत निघालेला माणूस उभा राहतो, हे यावेळी जास्त जाणवलं.

इक्बालला बोलता येत नव्हतं, तरी त्याने आपली गरज मोहितपर्यंत पोचवली. आजोबांना बोलता येत होतं, पण त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर सबंध मे महिना मी त्या दुकानातून हललो नसतो.