एका नावात दोन पुदिने

पुदिना म्हटलं की आपल्याला आठवते भेळेवरची हिरवी चटणी. कुंडीत काडी खोचली तरी जगतो बिचारा. त्यामुळे 'दुर्मिळ पुदिना' हे ऐकायलाच विनोदी वाटतं. पण असा पुदिना आहे. अमेरिकेत, फ्लोरिडाच्या मधोमध.

तिथे लेक वेल्स रिज नावाचा वाळूचा लांबलचक उंचवटा आहे. फार पूर्वी समुद्राची पातळी वर होती तेव्हा ही बेटांची माळ होती. बेटांवर होतं तेच इथे झालं: जगात दुसरीकडे कुठेच नसलेल्या वनस्पती घडल्या. त्यातलंच एक झुडूप डायसेरान्ड्रा फ्रुटेसेन्स. शास्त्रीय नाव मिळालं १९६२ मध्ये.

कॉर्नेल विद्यापीठातले कीटकतज्ज्ञ थॉमस आयस्नर यांनी या पुदिन्याकडे लक्ष दिलं. पानं चुरगळली की घमघमाट, आणि किडीने खाल्ल्याच्या खुणा जवळजवळ नाहीत! १९९० मध्ये त्यांचं आणि सहकाऱ्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. पानांच्या तेलात १२ टर्पीन निघाली. त्यातलं ट्रान्स-पुलेगॉल तर तोवर निसर्गात कुठेच आढळलं नव्हतं. पान कुरतडलं की तेलाच्या बारीक पिशव्या फुटतात आणि मुंग्या लांब पळतात. एका पतंगाची अळी मात्र हेच पान मजेत खाते. शंभर टक्के सिक्युअर सिस्टिम निसर्गालाही जमलेली नाही :)

पण मला जास्त अस्वस्थ करते ती दुसरी गोष्ट. १९८५ मध्ये या पुदिन्याला अमेरिकेत 'धोक्यात असलेली प्रजाती' म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं. काही झुडपं आर्चबोल्ड संशोधन केंद्राच्या जमिनीवर सुरक्षित होती. म्हणजे काम झालं, नाही का? १९८९ मध्ये रॉबिन हक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या एका नावाखाली दोन प्रजाती आहेत. सेब्रिंगजवळच्या झुडपांचे परागकोश पिवळेधमक, आणि वास पुदिन्याचा नव्हे, निलगिरीचा. तिचं नाव ठेवलं डायसेरान्ड्रा क्रिस्टमानी.

डेटाबेसमध्ये दोन माणसं एकाच आयडीखाली असावीत, तसला हा प्रकार. रेकॉर्ड वेगळं केल्यावर कळलं की सुरक्षित होती ती पहिली. दुसरीच्या वाट्याला आल्या थोड्याशा जागा, त्याही बहुतेक खाजगी. १९९३ मध्ये लेक वेल्स रिज अभयारण्य झालं, मुख्यतः वनस्पतींसाठी. त्यातला फ्लेमिंगो व्हिलाज हा भाग म्हणजे घरांसाठी कागदावर पाडलेले प्लॉट. मालक वेगवेगळे. तेव्हा जमीन तुकड्यातुकड्यानेच जोडावी लागते.

बरं, कुंपण घालूनही भागत नाही. या झुडपांना मोकळी वाळू आणि ऊन लागतं. आगीत झुडूप मरतं, पण मातीतलं बी रुजतं. बरीच वर्षं आग लागली नाही, तर आजूबाजूची झाडी माजते आणि पुदिना हळूहळू संपतो. म्हणून आर्चबोल्डमध्ये ठरवून, हिशोबाने आग लावतात. आजूबाजूला घरं झाली की ती काडी ओढणंही अवघड.

आपण 'वाचवा' म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर कुंपण असतं, फार तर एखादी पाटी. इथे मात्र आधी कोणीतरी शांतपणे फूल उघडून परागकोशाचा रंग बघितला, पान चुरगळून वास घेतला. तो घेतला नसता तर क्रिस्टमानी कदाचित कधीच संपली असती, आणि यादीत आपला पुदिना मात्र 'सुरक्षित' असाच दिसत राहिला असता.