आजीला कोणी विचारले?

शिरवळला नीरेकाठी आमचे घर. गेल्या पावसाळ्यात आजीला अर्धांगाचा झटका आला. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "श्वासाचे यंत्र लावायचे का? आशा फारशी नाही." वडिलांनी माझ्याकडे पाहिले. "तू कॉलेजात जातोस. तूच सांग."

मी म्हणालो, "नको. घरी नेऊ." आजी अकरा दिवस होती. आई कापसाच्या बोळ्याने तिचे ओठ भिजवीत राही. माझ्या मनात मात्र काटा रुतला होता : आपण आजीला मारले का?

पुढे नीतिशास्त्र वाचताना पोप बारावे पायस भेटले. १९५७ साली त्यांनी डॉक्टरांना सांगितले होते की, जीव राखण्याचे साधारण उपाय करणे कर्तव्यच. पण रुग्णावर किंवा इतरांवर फार मोठा भार टाकणारे उपाय बंधनकारक नाहीत. हेतुपुरस्सर प्राण घेणे कॅथलिक धर्माला कधीच मान्य नाही. वाचून काटा थोडा सैल झाला. पण खरे सांगतो, 'नको' म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे बिलाचा आकडाही होता. मी भार तोलला, तो आजीचा की आमचा?

अरुणा शानबाग यांना केईएमच्या परिचारिकांनी १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळले. त्यांच्यासाठीची दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली फेटाळली. मात्र काही अटींवर उपचार थांबवण्यास मुभा दिली. २०१८ साली आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्यासही मान्यता मिळाली.

आजीला लिहिता येत नव्हते. बोलता येत होते. पण धडधाकट होती तेव्हा आम्ही कोणी विचारलेच नाही.

— द्वितीय वर्ष, कला