हेडात धातू किती उरलाय?

ऑइलचं झाकण उघडलं आणि आत दुधाळ चहासारखा फेस दिसला, की डहाणूजवळच्या घोलवडच्या मिस्त्रीला पुढचं काम कळतं. पाणी ऑइलमध्ये उतरलंय. नशीब चांगलं असेल तर नुसती हेड गॅस्केट गेलेली असते. गाडी जुनी प्रीमियर पद्मिनी असेल, तर बहुधा हेडच, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण.

समुद्राकाठी हे दुखणं लवकर जडतं. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू आणि मधून फिरणारं पाणी. त्या पाण्यात क्षार असले की आधी खाल्लं जातं ते अ‍ॅल्युमिनियम. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, आणि चिकूच्या वाडीत गाडी तापली की हाताशी असतं ते विहिरीचंच पाणी. वर्षानुवर्षं तेच रेडिएटरमध्ये पडलेलं असलं, तर खोललेल्या हेडावर पाण्याच्या भोकांच्या कडा कुरतडलेल्या दिसतात, पांढरी भुकटी बोटाला लागते, आणि एखादी खाच गॅस्केटच्या रिंगखाली जाऊन पोहोचलेली असते.

दुसरं हेड शोधायला कुर्ल्याला जावं लागतं. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार व्हायची, मूळ फियाट ११००च्या घडणीवर. पद्मिनी हे नाव तिला १९७४ साली मिळालं. कारखान्यातून ती बाहेर पडणं केव्हाच थांबलं, पण सीएसटी रोडच्या भंगारवाल्यांकडे सुट्या भागांचा शोध घेता येतो. डहाणू रोडहून लोकल, दादरला गाडी बदलून कुर्ला, आणि परतताना गोणपाटात बांधलेलं हेड.

खरी परीक्षा मात्र दुकानात होते. भंगारवाला चकचकीत हेड पुढे करतो आणि गिऱ्हाईक त्यावरच भाळतं. चकचकीत याचा अर्थ नुकतंच फेसिंग झालंय, म्हणजे धातू कमी झालाय. आणि तो का कमी करावा लागला, हे कुणी सांगत नाही. त्यापेक्षा काजळीने माखलेलं, कुणी हात न लावलेलं हेड केव्हाही बरं. जाणता मिस्त्री आपलं जुनं हेड सोबत नेतो आणि दोन्हींची जाडी व्हर्नियरने चारही कोपऱ्यांत मोजतो. मग व्हॉल्व्हच्या सीटांकडे वळतो, कारण हेड जुन्या टॅक्सीचंही असू शकतं. मुंबईत पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली. पुष्कळ टॅक्सी सीएनजीवर धावल्या. सीएनजी कोरडा इंधनवायू. एक्झॉस्टच्या सीटा त्यावर लवकर झिजतात. सीट खोल बसलेली दिसली की हेड टॅक्सीचं असावं, असा अंदाज बांधता येतो.

फेसिंगचा हिशेब लोक करत नाहीत, आणि तिथेच इंजिनं बिघडतात. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. म्हणजे एका सिलिंडरला २७२ सीसी. चेंबरचं तोंड बोअरएवढं धरलं, तर अर्धा मिलिमीटर धातू काढल्यावर चेंबर जवळजवळ १.८ सीसीने लहान होतं. एकदाच काढला तर गाडीला उलट जोर येतो. पण आधीच्या मालकांनीही दोनदा तेवढाच काढलेला असेल, तर चढावर इंजिन खडखडू लागतं, व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि पातळ झालेलं हेड पुढच्या तापण्यात वाकतं. म्हणून चेंबर मोजायचंच: व्हॉल्व्ह आणि प्लग बसवायचे, वर भोक पाडलेली जाड काच ग्रीस लावून ठेवायची आणि ब्युरेटने रॉकेल सोडायचं. चारही चेंबरांचा आकडा जुळायला हवा. रॉकेल तसंच ठेवून पोर्टमध्ये डोकावलं की व्हॉल्व्हची बैठकही कळते. थेंब झिरपला तर लॅपिंग पुन्हा.

खाल्लेल्या कडा आर्गन वेल्डिंगने भरता येतात. हे काम मात्र घाईचं नाही. आधी हेड उकळत्या सोड्याने धुवायचं हा सल्ला अ‍ॅल्युमिनियमला घातक आहे, सोडा त्यालाच खातो. साधा साबण आणि ब्रश पुरे. मग हेड सावकाश तापवायचं, भोकांभोवतीचा कुजका धातू खरडून चमकता धातू लागेपर्यंत जायचं, भरायचं आणि हळूहळू निवू द्यायचं. त्यानंतर प्रेशर टेस्ट: पाण्याची वाट बंद करून हवा भरायची आणि हेड पाण्यात बुडवायचं. दोन सीटांमधल्या बारीक चिरेतून बुडबुडे आले, तर सगळी मेहनत इथेच थांबवावी. फेसिंग सर्वांत शेवटी, आणि तेही सरळ पट्टीखाली ०.०५ मिलिमीटरचा फीलर शिरेनासा होईल इतकंच. सुदैवाने कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आहे, त्यामुळे हेड कापलं तरी टायमिंग हलत नाही. पुशरॉड आणि रॉकरची बैठक बदलते, ती टॅपेट सेटिंगमध्ये सांभाळता येते.

बसवताना नट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच. गाडी थोडी चालली की इंजिन पूर्ण थंड करून नट आणि टॅपेट पुन्हा बघायचे, कारण गॅस्केट दबते. आणि रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंट. वाडीवर त्याचा एक कॅन कायम भरून ठेवायचा, म्हणजे गाडी तापली तरी विहिरीकडे जायची वेळ येत नाही.