वाकलेले कॅरिअर

आमच्या गोठ्याच्या आढ्याला एक सायकल कित्येक वर्षे टांगलेली होती. खाली बैल, वर सायकल! पुढे बैल विकले गेले, सायकल मात्र तशीच लोंबत राहिली. सीटखाली चिमण्यांनी घरटे केले होते आणि चैन तर गंजून दगड झाली होती. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी ती खाली उतरवली, तेव्हा बाबा ओट्यावरून म्हणाले, "कायले पैसे घालतं रे त्याच्यात? भंगारवाल्याले देऊन टाक."

पण माझी गरज होती. गावापासून वाशीम आठ किलोमीटर. सकाळची बस चुकली की पहिला तास बुडालाच. शहरातली मुले गिअरच्या, अॅल्युमिनियमच्या सांगाड्याच्या सायकली चालवतात. त्या एका हाताने उचलता येतात म्हणे! आमची अस्सल लोखंडी, चांगली वीसेक किलोची. अॅल्युमिनियम आमच्या वाट्याला आले ते फक्त चंदेरी रंगाच्या डबीत. त्या रंगात त्याचीच भुकटी असते. रिमांना तोच फासायचा मी बेत केला.

सायकल अॅटलासची. सोनीपतला १९५१ साली सुरू झालेल्या या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता! १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले आणि पुढे दोन पैसे साठल्यावर ही जुनीच सायकल विकत घेतली. हँडलखालच्या बिल्ल्यावर पृथ्वी खांद्यावर घेतलेला माणूस आहे. गंज घासताना आधी त्याचे वाकलेले पाय दिसले, मग खांदे.

रेशनवर तेव्हा रॉकेल मिळत नव्हते, म्हणून शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरचे वाटीभर डिझेल आणले. चाके खोलली. पुढच्या चाकाला बत्तीस तारा, मागच्याला चाळीस. ओझे मागे असते म्हणून! मागच्या अकरा तारा तुटलेल्या. डिझेलमध्ये बुडवलेले छर्रे चिंधीने पुसले की शाळूच्या दाण्यासारखे चमकत.

अडलो ते डाव्या पायडलवर. दोन दिवस पाना लावून झटलो. पाना सटकला, बोटाचे सालटे निघाले. बाबा बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "डाव्याचे आटे उलटे असतात. तू सोडत नाहीस, आवळून राह्यला." उलट फिरवले आणि पायडल सुटले. पाय मारता मारता ते निघू नये म्हणून ही योजना असते, हेही त्यांनीच सांगितले. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षापर्यंत आलो, पण हे कुठल्या पुस्तकात भेटले नव्हते.

रात्री जाग आली तर ओट्यावर दिवा. बाबांनी सायकल उलटी उभी केली होती. चिमट्याला तुराटी बांधून, चाक हळूहळू फिरवून ते रिमची आऊट काढत होते. जिथे रिम तुराटीला घासे, तिथली तार सैल, समोरची घट्ट. मी झोपेचे सोंग घेतले.

सकाळी मी हातोडी घेऊन वाकलेले कॅरिअर सरळ करायला बसलो. "ते राहू दे," बाबा म्हणाले आणि शेतात निघून गेले.

उत्तर आजीने दिले. बाबा १९९६ साली दहावी पास झाले. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता. तो १ जुलै १९९८ ला झाला. वाशीमलाच अकरावीत नाव घातले, याच सायकलवर तीन आठवडे कॉलेजही केले. तेवढ्यात आजोबांनी अंथरूण धरले. पुस्तके बंद झाली आणि कॅरिअरवर सांभार-वांग्यांची पोती चढली. सहा वर्षे! "कॉलेजचं फाटक आलं की तोंडाले दुपट्टा बांधे तो," आजी म्हणाली. "संगतीच्या पोरायनं पाहू नये म्हणून."

ते कॅरिअर मी तसेच ठेवले.

सुटी संपली. चंदेरी रिमांची सायकल घेऊन मी निघालो. फाटक दिसले, आत मोटारसायकलींची रांग दिसली आणि पाय आपोआप थांबले. सायकल मी रस्त्यापलीकडे, चहाच्या टपरीमागे लावली. तासाला बसलो, पण फळ्यावरचे अक्षर दिसेना. तेच फाटक, तीच सायकल... बाबांना निदान पोत्यांचे कारण होते. माझ्याजवळ तर वह्या होत्या!

मधल्या सुटीत बाहेर गेलो, सायकल आणली आणि मोटारसायकलींच्या पहिल्या रांगेत उभी केली.

"कोनाच्या आज्याची रे हे सायकल?" कोणीतरी हसून विचारले.

"माझ्या," मी म्हणालो.

यापैकी बाबांना मी काही सांगितले नाही. संध्याकाळी घरी आलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. त्यांनी एकवार कॅरिअरवर बांधलेल्या पुस्तकांकडे पाहिले.

"मागचं चाक घासते का?"

"नाही."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि तंबाखू मळू लागले.

— बी. ए. भाग २