तालुक्याचं सगळं, की नुसता कांदा?

गेल्या वर्षभरात आमच्या भागातल्या चार-पाच तरुण पत्रकारांनी मला एकच प्रश्न विचारलाय. "सर, पोर्टल काढतोय. सगळ्या बातम्या घेऊ की एकच विषय धरू?" प्रत्येकाला फोनवर अर्धा-अर्धा तास सांगण्यापेक्षा इथेच लिहितो. थोडं लांबेल, सवडीने वाचा.

मी नाशिक जिल्ह्याच्या कांदा पट्ट्यातला. पत्रकारितेचा डिप्लोमा केला आणि पुढची वीसेक वर्षं दैनिकांचा तालुका वार्ताहर होतो. तालुका वार्ताहर म्हणजे काय, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. बातमी त्यानेच पाठवायची, जाहिरात त्यानेच आणायची आणि त्या जाहिरातीचे पैसेही त्यानेच वसूल करायचे. मानधनात पेट्रोल भागतं, घर चालतं ते कमिशनवर. 2016 ला जिओ आलं, गल्लीबोळात इंटरनेट पोचलं आणि आमच्यातल्या निम्म्यांनी पोर्टलं काढली. नावं ठरलेली. आधी तालुक्याचं नाव, पुढे 'लाइव्ह', 'एक्सप्रेस' नाहीतर '24 तास'.

ही सगळी पोर्टलं 'सगळं' देणारी. सकाळी राशिभविष्य, मग सोन्याचा भाव, एखादा अपघात, नेत्याचं निवेदन, क्रिकेट, सरकारी भरती, संध्याकाळी एखाद्या सिनेनटीची भानगड. दिवसाच्या बारा बातम्यांत स्वतः जाऊन आणलेल्या दोन, बाकी दहा इकडून तिकडून उचललेल्या. त्या दहा वाचकाने मोठ्या दैनिकाच्या ॲपवर आधीच वाचलेल्या असतात. मग तो आपल्याकडे कशाला येईल? उरलेल्या दोनसाठी. पण त्या दोनसाठी वेळ कुठे असतो, बाकीच्या दहा टाकता टाकता दुपार होते.

पण माझा खरा आक्षेप वेळेबद्दल नाही, पैशाबद्दल आहे. सर्वविषयी पोर्टलला पैसा मिळतो तो वाढदिवसांतून. नगरसेवक, होऊ घातलेले नगरसेवक, ठेकेदार, पतसंस्था, क्लासवाले, दवाखाने, सगळ्यांचे शुभेच्छांचे बॅनर. गणपती-दिवाळीत ते दुप्पट होतात. आता गंमत बघा. पोर्टल सगळ्या विषयांचं, म्हणजे गावातला प्रत्येक वजनदार माणूस उद्याची बातमी. आणि प्रत्येक वजनदार माणूस उद्याची जाहिरातसुद्धा. एका पतसंस्थेपुढे ठेवीदारांच्या रांगा लागल्या होत्या. फोटो होते, म्हातारी माणसं उन्हात बसलेली. एका पोर्टलवर त्याची बातमी आली चार ओळींची: 'शहरातील एका पतसंस्थेत ठेवीदारांची गर्दी'. नाव नाही, फोटो नाही. लिहिणारा पोरगा चांगला होता, सगळं त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण दिवाळीचा सगळ्यात मोठा बॅनर त्याच संस्थेचा होता. त्या पोराला मी दोष देत नाही. सगळ्यांशी गोड राहिल्याशिवाय ते दुकान चालतच नाही.

मी नुसता कांदा धरला तो 2023 च्या डिसेंबरात. 7 डिसेंबरला केंद्राने निर्यातबंदीची अधिसूचना काढली. दुसऱ्या दिवशी बाजार समित्यांमध्ये भाव कोसळले, लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर आले. आमच्याकडच्या सगळ्या पोर्टलांवर बातमी होती, खाली लगेच क्रिकेट. पण मला रात्रभर जे फोन आले त्यांतले प्रश्न वेगळेच होते. बंदरावर जाऊन पोचलेल्या कंटेनरचं काय? बंदी कधीपर्यंत? चाळीत थोडा उन्हाळी राहिलाय, आणू की थांबू? यातल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्या अधिसूचनेतच होती. बंदी 31 मार्च 2024 पर्यंत होती, आणि अधिसूचनेआधी ज्या मालाची जहाजात भरणी सुरू झाली होती त्याला सूट होती. कागद कोणीही डाउनलोड करू शकत होतं. मी तो मराठीत, सोप्या भाषेत लिहून टाकला. त्या मजकुराला जेवढे लोक परत परत आले, तेवढे माझ्या कुठल्याच बातमीला आले नव्हते.

कांदा म्हणजे 'कृषी' या सदरातला एक कोपरा, असं ज्यांना वाटतं त्यांनी नंतरचे पाच महिने आठवावेत. मार्चमध्ये बंदी पुढच्या आदेशापर्यंत वाढली. एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टन निर्यातीची परवानगी मिळाली आणि इकडे लाल कांदेवाला भडकला. त्याच महिन्यात हमाली-तोलाईच्या लेव्हीवरून जिल्ह्यातले लिलाव अडले. 4 मेला बंदी उठली, पण 40 टक्के शुल्क आणि टनाला 550 डॉलरची किमान निर्यात किंमत डोक्यावर ठेवून. 20 मेला नाशिक-दिंडोरीत लोकसभेचं मतदान. राजकारण, अर्थकारण, परराष्ट्र व्यापार, कामगारांचे प्रश्न, सगळं एका पिकात आलं की नाही? विषय अरुंद असतो तो वरून बघणाऱ्याला.

बाजारभावाचंच घ्या. भाव काय कुठेही फुकट मिळतात, पणन मंडळाच्या साइटवर रोज असतात. पण मथळा नेहमी कमाल भावाचा. 'कांदा तीन हजारांवर!' तो भाव त्या दिवशी निवडक मालाच्या दोन-चार वाहनांना मिळालेला असतो. बाकीचे शेकडो ट्रॅक्टर सरासरीच्या आगेमागे, गोल्टी आणि खाद त्याच्याही खाली. शहरातला माणूस तीन हजार वाचतो आणि म्हणतो, शेतकऱ्याची चांदी आहे. आम्ही मथळ्यात सरासरी घ्यायला लागलो. एवढ्या साध्या गोष्टीसाठी काही व्यापारी नाराज झाले आणि काही शेतकऱ्यांनी स्वतःहून वर्गणी दिली. वर्षाला तीनशे रुपये, ट्रॅक्टरच्या एका फेरीच्या डिझेलचे फार तर.

तरुण मंडळी गूगलबद्दल फार विचारतात म्हणून एवढंच सांगतो. 2022 च्या ऑगस्टमध्ये गूगलने जो 'हेल्पफुल कन्टेन्ट' बदल आणला, त्यात साइटवाल्यांनी स्वतःला विचारायचे काही प्रश्न दिले होते. तुमच्या साइटला एक मुख्य विषय आहे का, हा एक. यातलं काहीतरी चालेल म्हणून भाराभर विषयांवर लिहिताय का, हा दुसरा. तरी गूगलच्या भरवशावर घर बांधू नका, त्यांचे नियम दर वर्षी बदलतात.

हे काही नवीन नाही. 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं ते कारखान्याचं पत्र म्हणून. आधी वाचक जमला, मग ते हळूहळू मोठं मासिक झालं. आणि पुढे बायकांसाठी वेगळं काहीतरी हवं वाटलं तेव्हा 1930 मध्ये 'स्त्री' काढलं, तरुणांसाठी 1934 मध्ये 'मनोहर'. प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा वाचक. सगळं एकाच पोत्यात भरलं नाही.

आता दुसरी बाजू. ती झाकून ठेवली तर हे लिहिण्यात अर्थ नाही. एकाच विषयावर उभं राहिलं की त्या विषयाचं दुखणं आपलं होतं. भाव पडले की वर्गणी थकते. शेतकरी म्हणतो, "भाऊ, पुढच्या महिन्यात देतो." आणि तो खोटं बोलत नसतो. जाहिरातदारही मोजके. सर्वविषयी पोर्टलला पन्नासातला एक रुसला तर चालतं, माझ्याकडे पाचातला एक रुसला की महिना हलतो. म्हणून आडत्यांची, व्यापाऱ्यांची आणि बाजार समितीच्या निवडणुकीतल्या पॅनलची जाहिरात घ्यायची नाही असं ठरवलंय. बियाणं-खतवाल्यांची घेतो, पण त्यांचा 'विशेष लेख' घेत नाही. यात पैसे कमी मिळतात. बायको शिक्षिका आहे म्हणून हे जमतं, हेही सांगून टाकतो. ज्याच्या घरी दुसरा पगार नाही त्याने माझं गणित जसंच्या तसं उचलू नये.

आणि सगळ्यात मोठी अडचण ही, की बऱ्याच बातम्या माझ्या दारातून परत जातात. कांद्याच्या धाग्याने जेवढं ओढता येतं तेवढं मी ओढतो. लागवडीच्या टोळ्यांतल्या बायका पिकअपमध्ये उभ्याने कोंबून नेतात, ते लिहिलं. शेतीपंपाला रात्रीची वीज, ट्रॅक्टरांनी उखडलेला बाजार समितीचा रस्ता, लागवडीच्या दिवसांत शाळेतून गायब होणारी पोरं, हेही लिहिलं. पण गावात नळाला पाणी किती दिवसांनी येतं? घंटागाडीचा ठेका कोणाला गेला? याचा कांद्याशी कसा संबंध लावू? नाही लागत. मग ते कोण लिहिणार?

"म्हणून तर आम्ही सगळं घेतो, सर," असं एक जण म्हणाला. त्याला विचारलं, तुमच्या सहा पोर्टलांपैकी नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेला शेवटपर्यंत बसतं कोण? कोणीच नाही. सभेचा फोटो येतो, प्रेसनोट येते, ती सहाही ठिकाणी एकसारखी छापून येते. मधली काही वर्षं निवडणुकाच नव्हत्या, प्रशासकाचा कारभार होता. तेव्हा कोणते ठराव झाले, कितीची बिलं निघाली, हे तालुक्याचं 'सगळं' देणाऱ्या एकाही पोर्टलवर सापडत नाही.

मग नगरपरिषद हाच एक विषय का धरू नये? विषयपत्रिका, निविदा, पाणी, घरपट्टी, बस्स. राशिभविष्य नाही, क्रिकेट नाही. ठेकेदाराचा बॅनर अर्थातच नाही. गावात पाच हजार घरपट्टी भरणारे असतील तर त्यातल्या तीन-चारशे जणांना आपले पैसे कुठे जातात हे वाचायचं असेलच. माझ्यापेक्षा अवघड काम आहे, कारण मी ज्यांच्यावर लिहितो ते आडते गावात विखुरलेत, याला ज्यांच्यावर लिहायचंय ते सगळे एकाच इमारतीत बसतात आणि याला ओळखतात.

पोराने दोन दिवस विचार केला, मग फोन केला. म्हणाला, "वर्षभर करून बघतो." नाव अजून ठरलेलं नाही. प्रशासकाच्या काळातले सगळे ठराव आणि पन्नास हजारांवरच्या देयकांची यादी मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज मात्र त्याने गेल्या सोमवारी आवक-जावकला दिला आणि पोच घेतली. तीस दिवसांची मुदत आहे.